लाकडाच्या नोटा आणि आक्काची ठेवपावती

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत १९२९ च्या महामंदीवर पानभर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. लेख चांगलाच आहे, न्यूयॉर्कचं शेअर मार्केट कसं कोसळलं ते नीट मांडलंय, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सारखं वाटत राहिलं की यात गाव कुठंच आलं नाही. मंदी म्हटलं की सगळे वॉल स्ट्रीटवर जातात. अहो शेअर तिथंही थोड्याच लोकांकडे होते, साध्या माणसाचा पैसा अडकला तो त्याच्या गावातल्या छोट्या बँकेत. त्याबद्दल लिहावं म्हणून हे पत्र, जरा लांबेल, शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी अमळनेरचा. एका सहकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवरच गेली, आता रिटायर आहे. या विषयाचं जे हाताला लागेल ते वाचत असतो कारण आमच्या घरातच एक बुडालेली ठेव आहे, तिच्याबद्दल पुढं सांगतोच.

अमेरिकेत १९२० च्या सुमारास जवळपास ३० हजार बँका होत्या. शाखा नव्हे, ३० हजार वेगवेगळ्या बँका. तिकडं बऱ्याच राज्यांत बँकेला दुसरी शाखा काढायला कायद्यानंच बंदी होती, म्हणून प्रत्येक गावाची आपली एक बँक, एक तिजोरी, एक काउंटर, आणि चेअरमन म्हणजे गावातलाच कुणी व्यापारी नाहीतर बागायतदार. तीन हजाराच्या आतलं गाव असेल तर २५ हजार डॉलर भांडवल जमवलं की नॅशनल बँकेचा, म्हणजे केंद्र सरकारचा, परवाना मिळायचा, हा नियम १९०० पासूनचा. लोकांना आपल्या बँकेचा अभिमान असायचा, मॅनेजर ओळखीचा, अडीअडचणीला दारात जाऊन उभं राहता यायचं. आपल्याकडे पतसंस्था निघाल्या तेव्हा अगदी हीच भावना होती.

आता अशी बँक कर्ज कुणाला देणार? गावातल्या शेतकऱ्याला, गावातल्या दुकानदाराला, गावातल्या जिनिंगवाल्याला. तारण काय, तर गावातलीच जमीन. आणि ठेवी कुणाच्या, तर याच लोकांच्या. मग कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याचा हप्ता थकतो, त्याच्या हातात पैसा नाही म्हणून दुकानदाराची उधारी थकते, जमिनीला गिऱ्हाईक राहत नाही म्हणून तारण निम्म्यावर येतं, आणि नेमकं त्याच वेळी घर चालवायला सगळ्यांना ठेव मोडायची असते, हे सगळं एकाच वेळी एकाच काउंटरवर येऊन आदळतं. यात मॅनेजरनं चोरी केलीच पाहिजे असं नाही. तो देवमाणूस असला तरी बँक बुडते. ही गोष्ट मला नोकरीत असताना कुणी अशी समजावून सांगितली नव्हती, आम्हाला वाटायचं बँक बुडाली म्हणजे कुणीतरी खाल्लं.

कापसाचंच बघा, अमेरिकेत १९२९ ला शेतकऱ्याला पाउंडामागं १६-१७ सेंट मिळत होते, १९३१ मध्ये ६ सेंटसुद्धा मिळेनात. गव्हाचा बुशेल (तिकडचं धान्याचं माप) पहिल्या महायुद्धानंतर दोन डॉलरच्या वर गेला होता तो १९३२ मध्ये ४० सेंटच्या खाली आला. आणि खेड्यातली मंदी १९२९ ला सुरूच झाली नाही, ती आधीपासून होती. युद्ध संपल्यावर युरोपची शेती परत उभी राहिली, भाव उतरले आणि १९२१ ते १९२९ या काळातच पाच हजारांवर बँका बंद पडल्या, बहुतेक शेतीच्या गावातल्या. तेव्हा शहरात तेजी होती म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग १९३० मध्ये १,३५०, १९३१ मध्ये २,२९३, १९३२ मध्ये १,४५३ आणि १९३३ मध्ये ४,०००. चार वर्षांत नऊ हजार बँका. शेजारच्या कॅनडात त्या सगळ्या मंदीत एकही बँक बुडाली नाही, तिथं दहा-बाराच मोठ्या बँका होत्या आणि त्यांच्या शाखा देशभर, एका भागात पीक गेलं तर दुसरा भाग सांभाळून घ्यायचा.

त्याच वर्षांत आपल्या खानदेशात काय चाललं होतं? तेव्हा पूर्व खानदेश नि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे, दोन्हीकडे कापूस. कापसाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले आणि सरकारचा शेतसारा मात्र रोख, तेवढाच्या तेवढा. सोसायट्यांची थकबाकी वाढत गेली. रिझर्व्ह बँक नव्हतीच, ती १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. लोकांनी काय केलं तर सोनं विकलं. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडनं पाउंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली, सोन्याचा भाव चढला, आणि देशभरातल्या खेड्यापाड्यातून बायकांच्या अंगावरचं सोनं सराफाकडे आणि तिथून बोटीनं परदेशी गेलं. माझ्या आजीच्या गोठ-पाटल्या त्याच वेळी गेल्या. आजी शेवटपर्यंत डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं फिरवत बसायची, आम्हा पोरांना वाटायचं हात दुखतोय. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, त्यात शेतकऱ्याचं कर्ज आणि शेतसारा हाच मोठा विषय होता ते काय उगाच नाही.

आमच्या आजीचं तिजोरी नावाचं जे काही होतं ते तिच्या अंगावर होतं, म्हणून ते गेलं तरी तिनं स्वतःच्या हातानं दिलं. बँकेत ठेवलेल्याचं तसं नसतं. सकाळी उठून गेलं तर दाराला कुलूप आणि दारावर कागद.

गर्दी कशी सुरू होते ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसऱ्याच एका बँकेबद्दल अफवा उठली आणि लोक आमच्याकडेही यायला लागले, सकाळी अकराला दहा माणसं होती, दुपारी साडेबाराला रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर. कुणी भांडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, मला त्याचीच जास्त भीती वाटली. सगळे पासबुक छातीशी धरून गप उभे. एक म्हातारे बाबा, मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या हाताकडे बघत होते, मी नोटा मोजतोय त्या हाताकडे. मॅनेजर साहेबांनी तिजोरीतल्या सगळ्या गड्ड्या काढून काचेच्या मागे लोकांना दिसतील अशा रचायला लावल्या आणि मला हळूच म्हणाले घाई करू नको, सही तपास, दोनदा मोज. तिसऱ्या दिवशी लोक तेच पैसे परत भरायला आले. आमची बँक वाचली कारण वरून कॅश वेळेवर आली, एवढंच कारण.

हे मी नंतर अमेरिकेच्या बाबतीत वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण तिथंही हेच. यूटा राज्यात ऑग्डन म्हणून गाव आहे, तिथं १९३१ मध्ये मरिनर एकल्स नावाच्या बँकरनं आपल्या कॅशियर लोकांना सांगितलं की गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी सहीचं कार्ड काढून बघा, छोट्या नोटांत पैसे द्या, घाई नको. सॉल्ट लेक सिटीहून फेडरल रिझर्व्हची, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेची, कॅश गाडीनं आली ती मुद्दाम गर्दीतून आत नेली, मग एकल्स स्वतः काउंटरवर चढून बोलले की पैसा भरपूर आहे, आज वेळ संपली तरी बँक बंद करणार नाही. बँक टिकली. हाच माणूस पुढं १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी अख्ख्या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर बसवला. काउंटरवर गर्दी सोसलेला माणूस तिथं गेला याचं मला फार बरं वाटतं.

पण ऑग्डनला वरून गाडी आली, सगळ्यांना आली नाही. मिसिसिपी राज्याची गोष्ट तर आपल्या लोकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे कारण ते कापसाचं राज्य. या एकाच राज्याचे दोन भाग फेडरल रिझर्व्हच्या दोन ऑफिसांच्या हद्दीत होते, खालचा भाग अटलांटाकडे, वरचा सेंट लुईसकडे. कापूस तोच, लोक तेच, राज्याचा कायदा तोच. १९३० च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलची कॉल्डवेल आणि कंपनी ही मोठी वित्तसंस्था बुडाली, तिच्या मागोमाग दक्षिणेत शंभरावर बँका गेल्या आणि भीती मिसिसिपीत शिरली. अटलांटाच्या ऑफिसनं अडचणीतल्या बँकांना हात सैल सोडून उधार दिलं, सेंट लुईसनं हात आखडता घेतला. अटलांटाच्या बाजूच्या बँका जास्त टिकल्या. म्हणजे बघा, आमच्या गावच्या बोरी नदीच्या या काठाला एक नियम आणि त्या काठाला दुसरा असावा आणि त्यावरून कुणाचं घर राहिलं कुणाचं गेलं ठरावं, असं झालं ते.

आणि छोट्या बँकेची अजून एक गोम असते. ती आपली राखीव रोकड स्वतःकडे थोडीच ठेवते, ती मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेत ठेवते आणि वहीत लिहिते की आमच्याकडे एवढी रोकड आहे. मोठी बँक अडकली की छोटीची रोकड वहीतच राहते. तिकडे शेकडो गावांत हेच झालं. आमच्या आक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची, ठेव जिथं होती ती पतसंस्था बुडाली त्यातही थोडा भाग याच गोष्टीचा होता, संस्थेची राखीव रक्कम जिथं ठेवली होती तिथंच अडकली.

आता त्या लाकडाच्या नोटांचं सांगतो. वॉशिंग्टन राज्यात टेनिनो नावाचं अगदी छोटं गाव आहे, दगडाच्या खाणी आणि लाकूडतोड यावर चालणारं. १९३१ च्या डिसेंबरात तिथली बँक, सिटिझन्स बँक, बंद पडली. गावात एकच बँक. दुकानात माल आहे, घ्यायला माणसं आहेत, फक्त मध्ये फिरवायला पैसा नाही. वाण्याचे पैसे बँकेत, त्याच्या गिऱ्हाइकाचेही बँकेत, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. तेव्हा गावातल्या व्यापारी मंडळानं ठरवलं की ज्याची ठेव अडकली त्यानं तिचा चौथा हिस्सा आमच्या नावावर लिहून द्यावा, आम्ही त्याला तेवढ्या चिठ्ठ्या देतो, बँकेचे पैसे सुटतील तेव्हा हिशोब करू, तोपर्यंत गावात या चिठ्ठ्या चालतील. आणि या चिठ्ठ्या छापल्या कुणी, तर गावातल्या छोट्या पेपरच्या मालकानं. संपादक साहेब, म्हणून ही गोष्ट मी तुम्हालाच लिहितोय. आधी कागदावर छापल्या, नंतर लाकडाच्या पातळ चकत्यांवर, स्प्रूस आणि सीडरच्या, पोस्टकार्डासारख्या पातळ, पाव डॉलर, अर्धा डॉलर, एक डॉलर. लोकांनी त्या घेऊन पीठ घेतलं, बूट घेतले. पुढं तर गंमत म्हणून देशभरातून लोक त्या मागवायला लागले आणि बऱ्याचशा कधी परत वटायलाच आल्या नाहीत. २०२० मध्ये कोरोनात त्याच गावानं जुनं मशीन काढून परत लाकडाच्या नोटा छापल्या आणि अडचणीतल्या घरांना दिल्या.

मी त्या नोटेचा फोटो बघितलाय. लाकडाची रेघ न रेघ दिसते, आणि त्यावर छापील अक्षरं. मला त्यात जे दिसतं ते असं की गावाचा एकमेकांवरचा विश्वास गेला नव्हता, बँक गेली होती. पण त्यानं ठेव परत आली असंही नाही, चौथ्या हिश्श्याची सोय झाली, बाकी तीन हिस्से अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या बँकेची वसुली आणि वाटणी करायला नेमलेल्या माणसाच्या, दारात.

आता माझा खरा मुद्दा. ठेवीदार बुडू नये म्हणून अमेरिकेत मंदीच्या आधी लोकांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. १९०८ पासून ओक्लाहोमा, मग कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सस, मिसिसिपी अशा एकूण आठ राज्यांनी आपापला ठेव संरक्षण निधी काढला होता. राज्यातल्या बँकांनी वर्गणी भरायची, एखादी बुडाली की निधीतून ठेवीदाराला द्यायचं. ऐकायला किती छान. पण राज्यातल्या सगळ्या बँका एकाच पिकावर, त्यामुळे बुडायला लागल्या तेव्हा एक-दोन नाही बुडाल्या, ढीगभर बुडाल्या, निधी आटला, चांगल्या बँका म्हणाल्या आम्ही दुसऱ्याच्या पापाचं किती भरायचं. १९३० पर्यंत आठपैकी एकही निधी चालू राहिला नाही. एका गल्लीतल्या लोकांनी आग विझवायला एकच विहीर ठेवली आणि दुष्काळात ती पण कोरडी पडली, तसं.

मग ४ मार्च १९३३ ला रूझवेल्ट अध्यक्ष झाले, ६ मार्चला देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला, १२ मार्चच्या रविवारी रात्री रेडिओवर साध्या भाषेत लोकांना समजावलं की तपासून उघडलेल्या बँकेत पैसा ठेवणं गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे, आणि १३ तारखेपासून बँका उघडल्या तसे लोक पैसे परत घेऊन आले. ते भाषण मोठंच होतं, पण माझ्या मते भाषणापेक्षा मोठं काम त्याच जूनमध्ये झालं, देशपातळीवरचा ठेव विमा. आणि रूझवेल्ट स्वतः सुरुवातीला त्याच्या विरोधात होते, मोठ्या बँकाही विरोधात होत्या. त्यासाठी हट्ट धरून बसले ते अलाबामाचे खासदार हेन्री स्टीगल, त्यांचा कळवळा गावातल्या छोट्या बँकांसाठी. १ जानेवारी १९३४ पासून माणशी २,५०० डॉलरपर्यंत विमा सुरू झाला, सहा महिन्यांत ५,००० केला. आदल्या वर्षी ४,००० बँका बंद पडल्या होत्या, १९३४ मध्ये विमा असलेल्या फक्त ९ बुडाल्या. रांगेत उभं राहायचं कारणच उरलं नाही ना लोकांना. अमेरिकेच्या सगळ्या गावांचा गहू, कापूस, लाकूड, गिरण्या एका विहिरीला जोडल्या म्हणून ती आटली नाही.

आपल्याकडे हे यायला १९६० ची पालाई सेंट्रल बँक बुडावी लागली. केरळात पाला नावाच्या गावातली ही बँक, ऑगस्ट १९६० मध्ये बंद झाली, देशभर खळबळ झाली, त्यानंतर १९६१ चा कायदा आणि १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ. सुरुवातीला फक्त १,५०० रुपये. १९६८ ला कायदा बदलून सहकारी बँकांनाही आत घेतलं. १९९३ पासून १ लाख, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. बँकेनं यासाठी शंभर रुपयांच्या ठेवीमागं वर्षाला १२ पैसे भरायचे, असा दर २०२० ला ठरला होता. १२ पैसे!

आणि यात पतसंस्था नाही. हे वाक्य मला आपल्या पेपरात मोठ्या अक्षरात बघायचंय. पतसंस्थेतल्या ठेवीला या महामंडळाचा विमा नाही, ५ लाख सोडा ५ रुपयांचाही नाही. पतसंस्थेला स्वतःला बँक म्हणवून घेता येत नाही, पण आमच्याकडे बोलताना सगळे बँकच म्हणतात, "बँकमा जाई उनू" (बँकेत जाऊन आलो) असंच म्हणतात मग ती राष्ट्रीयीकृत असो का गल्लीतली पतसंस्था. काउंटर तसंच, काच तशीच, पासबुक तसंच, कॅलेंडर तर त्यांचंच जास्त छान. साध्या बाईमाणसाला फरक कळणार कसा?

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, पारोळ्याला दिलेली. भाऊजी एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर दोन वर्षांत गेले. त्यांच्या फंडाचे २ लाख ४० हजार तिनं तिथल्या पतसंस्थेत ठेवले, संस्थेचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. व्याज दोन टक्के जास्त होतं, मॅनेजर नात्यातल्या माणसाचा मुलगा, घरी येऊन पावती देऊन गेला. तीन वर्षांनी दाराला कुलूप. मग प्रशासक, मग अवसायक, सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी, कर्जदारांवर वसुलीचे दाखले, सगळं रीतसर चाललंय आणि वर्षामागून वर्षं जातायत. आतापर्यंत तिला दोन वेळा मिळून १८ हजार मिळाले. अवसायकांच्या ऑफिसातला माणूस वाईट बोलत नाही, पाणी देतो, म्हणतो मावशी वसुली झाली की पहिले तुमचंच, पण वसुली कशातून, तारण ठेवलेल्या प्लॉटांना गिऱ्हाईक नाही, कर्जदार शेतकरी कापसात गेलेला. परत तेच चक्र, १९३१ चंच.

तिची ती पावती मी किती वेळा बघितली असेल. गुलाबी कागद, जांभळा शिक्का आता फिका पडलाय, घडीवर फाटली म्हणून तिनं मागून सेलोटेप लावलीय आणि सेलोटेप पण पिवळी झाली. भाऊजींच्या फोटोमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते, रेशनकार्डाबरोबर. अक्षरी रुपये दोन लाख चाळीस हजार मात्र, असं निळ्या शाईत लिहिलेलं, अक्षर सुंदर आहे. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते तेव्हा ती पिशवी सोबत असते. मांडे करून झाले, जेवणं झाली, झोक्यावर पोरी बसल्या की हळूच माझ्याकडे येते आणि विचारते, "भाऊ, मन्हा पैसा कव्हय भेटतीन रे?" आणि एकदा, फक्त एकदाच, तिनं विचारलं, "तू ते बँकमा व्हता ना भाऊ, मंग माले सांगं काबर नही?" (मग मला का नाही सांगितलंस?)

संपादक साहेब, याचं उत्तर मला देता आलं नाही. मला माहीत होतं. ठेव विम्याचा बोर्ड माझ्या काउंटरच्या मागे भिंतीवर वर्षानुवर्षं होता, पतसंस्थेला तो बोर्ड लावता येत नाही हे मला माहीत होतं, पण तिनं पैसे ठेवले तेव्हा माझ्या मनात आलंच नाही, गावातली संस्था, ओळखीचा मुलगा, असंच मीही धरून चाललो. माझ्यासारखे माहीत असलेले हजारो लोक खानदेशात गप बसले असतील.

राज्य पातळीवर पतसंस्थांकडून अंशदान घेऊन निधी उभा करायचं बोलणं बरीच वर्षं ऐकतोय. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण ओक्लाहोमा ते नेब्रास्काचा अनुभव समोर ठेवा. आपल्या राज्यात कापूस, कांदा, केळी, सोयाबीन, एक दुष्काळ आला किंवा भाव पडला की एकाच वर्षी शंभर संस्था अडचणीत येतात, तेवढ्यानं असला निधी पुरा पडणार नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ज्या पतसंस्था ठेवी घेतात त्यांना कडक तपासणी लावून देशाच्या ठेव विम्यात घ्या, वर्गणी संस्थांकडून घ्या, आणि ज्या तपासणीला तयार नाहीत त्यांना ठेवी घेऊ देऊ नका. यात आपल्या भागातल्या चारही खासदारांनी, सॉरी, खानदेशातल्या सगळ्याच खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून लोकसभेत बोलावं, स्टीगल बोलले तसं. लहान मर्यादा ठेवा, १ लाख ठेवा, पण ठेवा. आक्कासारख्यांची ठेव एवढ्यातच बसते बहुतेक.

कायदा व्हायला वेळ लागेल ते मला कळतं. पण एक गोष्ट तुम्ही उद्यापासून करू शकता, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. दसरा-दिवाळीला तुमच्या पेपरात पतसंस्थांच्या ठेव योजनांच्या मोठ्या मोठ्या जाहिराती येतात, आकर्षक व्याजदर, ज्येष्ठ नागरिकांना जादा, लखपती योजना. त्या प्रत्येक जाहिरातीखाली एक ओळ छापा, ठळक, वाचता येईल एवढी: "या संस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही." एवढंच. सिगारेटच्या पाकिटावर छापतात, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत घाईघाईनं का होईना बोलतात, मग इथं का नाही. टेनिनोच्या पेपरवाल्यानं बँक बुडाल्यावर गावासाठी मशीन चालवलं, तुम्हाला बुडायच्या आधीच चालवता येईल.

जाहिरातदार नाराज होतील म्हणाल तर चांगल्या चालणाऱ्या संस्था होणार नाहीत, त्यांचे चेअरमन मला भेटतात, ते स्वतःच विमा मागतायत. आणि त्या एका ओळीच्या जागेचे पैसे कोण देणार असा प्रश्न असेल तर पहिल्या महिन्याचे मी देतो, तुमच्या अमळनेरच्या ऑफिसला येऊन रोख भरतो, पावती द्या.

आपला,
एक निवृत्त कॅशियर
अमळनेर, जि. जळगाव